जिभेखालची गाठ

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाली. कंडक्टरांच्या बायकोने डोळे पुसले आणि लगेच नवऱ्याला फैलावर घेतलं. जन्मभर लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणत आले, आणि निवृत्त झाल्यावर स्वतः मात्र मागच्या कोपऱ्यात लपून तंबाखू मळत बसले. लेकीनेच त्यांच्या तोंडातली गाठ पाहून तंबाखूचं नाव घेतलं होतं. तेव्हापासून ती बापाशी बोलत नव्हती. नातवाला त्यांच्या मांडीवरही बसू देत नव्हती.

कंडक्टर मान खाली घालून बसले होते. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले.

डॉक्टर नवी होती, पण चौकस. काढलेला तुकडा तपासून आला होता: साधी गाठ, एकाच जागी सतत काही घासलं की मांस वाढतं तशी. हिरड्यांवर अशा गाठी नेहमीच्या. पण जिभेखाली, उजव्या कडेला, घासणार काय?

तंबाखू कुठे धरता, असं तिने विचारलं. त्यांनी जरा विचार करून डावा गाल दाखवला. दातांवर तर एकही डाग नव्हता.

तिने पुन्हा तोंड उघडायला लावलं आणि आतून बोट फिरवलं. उजवीकडच्या शेवटच्या दाढेवर कॅप होती. तिची आतली कड हातमोज्यातूनही टोचली. कंडक्टरांनी तोंड मिटून घेतलं आणि बायकोला औषधाच्या रांगेत पाठवलं.

दार लागल्यावर डॉक्टर म्हणाली, "तुम्ही तंबाखू खात नाही."

त्यांनी रुमालाने तोंड पुसलं.

"कॅप कोणी बसवली?"

"होता एक, रस्त्यावरचा. स्वस्तात."

तिचा पारा चढला. असल्यांना माणसाची दाढ म्हणजे खिळा ठोकायची भिंत वाटते, ती म्हणाली. आज तुमची जीभ, उद्या आणखी कुणाची. तक्रार करायलाच हवी. तिने पेन उचललं.

कंडक्टरांचे कान लाल झाले. कड तेवढी घासून द्या, पण कागदावर तंबाखूच लिहा, असं ते अजिजीने म्हणाले. खोटं लिहिणार नाही, ती म्हणाली.

"नाव सांगा, काका."

त्यांनी दाराकडे पाहिलं. बायको अजून आली नव्हती.

"नाव नका लिहू," ते हळूच म्हणाले. "आमच्या लेकीने दवाखाना टाकल्यावर बसवलेली पहिलीच कॅप आहे ती."