एका घराचं बटण

शालिकराम सकाळी वारले, आणि मनोहररावांनी सगळ्यात आधी गल्लीचा सिनेमा बंद केला.

व्हीसीआर त्यांच्या घरी होता. तिथून छपरांवरून तारा टाकून त्यांनी आजूबाजूच्या दहा घरांतल्या टीव्हींना चित्र पुरवलं होतं. टेबलावर एक लाकडी फळी, तिच्यावर घरागणिक एक बटण, बटणाखाली नावाची चिठ्ठी आणि कोपऱ्यात सगळ्यांचं मिळून एक मोठं बटण. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते या फळीसमोरच बसत. कोणाच्या टीव्हीवर मुंग्या येतात आणि कोणाचा आवाज जातो, यापलीकडे त्यांना फारशी चिंता नसे.

आज मात्र ते खुर्चीवर टेकत होते आणि लगेच उठत होते. खिडकीशी जायचे, परत यायचे. समोरच्या माडीवरचे रुपराव सकाळीच बजावून गेले होते, की मयत उचलेपर्यंत गल्लीत चूल नाही, रेडिओ नाही आणि तुझा सिनेमा तर मुळीच नाही. रामटेकहून शालिकरामांचा भाऊ यायचा होता, आणि त्याची गाडी काही येत नव्हती.

त्यातच सिंधूताई, त्यांची बायको, शालिकरामांच्या घरून निरोप घेऊन आल्या. शालिकरामांच्या बायकोला, कौसल्याबाईंना, लेकीच्या लग्नाची कॅसेट पाहायची होती. आत्ता. ती कॅसेट मनोहररावांच्याच कपाटात असे.

मनोहररावांना आधी खरंच वाटेना. बैठकीत मयत आणि मधल्या खोलीत टीव्ही, लोक काय म्हणतील, रुपराव काय म्हणेल, हे सगळं ते एका दमात बोलून गेले. सिंधूताईंनी ते ऐकून घेतलं.

"वर्षभर अंथरुणावर होते ते," त्या म्हणाल्या. "तोंड वाकडं झालेलं, एक डोळा मिटत नव्हता. कौसल्या म्हणते, मले त्यायचं तेच वाकडं तोंड दिसून राहिलं, पहिलेचं आठवतच नाही. एकदा नेलं, का मंग हेच ध्यानात राहीन."

मनोहरराव पुन्हा खिडकीशी गेले. गल्लीत माणसं नुसती उभी होती.

"एका घरापुरतं लावता येते ना तुमच्या फळीवर?" सिंधूताईंनी मागून विचारलं. "का नुसत्याच चिठ्ठ्या डकवल्या?"

आवाज पूर्ण पाडून ठेव म्हणावं, दार लोटून घे म्हणावं, असं दोनदोनदा सांगून त्यांनी बायकोला परत पाठवलं. कॅसेट लावली. पुढेमागे करून त्यांनी जेवणाची पंगत शोधली. फळीवर कौसल्याबाईंच्या घराचं बटण पाहिलं. ते वरच होतं, म्हणजे चालूच. बरं झालं, असं म्हणून त्यांनी मोठं बटण वर केलं.

त्यांच्या जवळच्या लहान टीव्हीवर शालिकराम आले. धोतर खोचलेलं, हातात बुंदीच्या लाडवांचं ताट. तोंड सरळ होतं आणि दोन्ही डोळे हसत होते. एक पाहुणा 'नको, नको' करत दोन्ही हातांनी पत्रावळ झाकून तिच्यावर ओणवा झाला होता. शालिकरामांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग त्याची टोपी उचलली, टकलावर एक लाडू ठेवला आणि वरून टोपी नीट बसवून पुढच्या पानाकडे गेले. पाहुण्यानं मान वर केली. ते रुपराव होते.

कुठेतरी कोणीतरी हसलं. तोंडावर हात धरल्यासारखं. मग शेजारच्या घरात. मग पलीकडे दोन बायका एकदम. आणि मग समोरच्या माडीवरून, खोकल्यात मिसळलेलं, पण हसणंच.

लोक कशाला हसतात, हे मनोहररावांना कळेना. मग त्यांची नजर फळीवर गेली. सकाळच्या घाईत त्यांनी फक्त मोठं बटण पाडलं होतं. घरांची बटणं सगळीच्या सगळी वर होती. आणि दुखवटा पाळणाऱ्या बाकीच्या नऊही घरांत टीव्ही चालू होता. सकाळपासून आवाज पाडून लोक मुंग्यांकडे पाहत बसले होते, न जाणो मनोहररावांनी काही लावलंच तर.

रुपराव माडीच्या कठड्याशी आले. "काहून गा मनोहर, हे काय लावलं?" आवाज चढवायचा होता, पण तो मधेच फुटला. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

मयताच्या गल्लीत आपण हसू पिकवलं. आता कौसल्याबाईंना तोंड कसं दाखवायचं? मनोहररावांनी मोठ्या बटणावर हात ठेवला, तोच सिंधूताई धापा टाकत दारात आल्या.

"करतो, करतो बंद."

"हात काढा अजी," त्या म्हणाल्या. "दार उघडून दिलं तिनं, सगळ्याईले दिसावं म्हणून. ती म्हणते, बंद नका करू. पंगत उठू द्या."

मनोहररावांनी हात काढला. बाहेर तिरडी बांधायला आलेली माणसं सुतळी खाली ठेवून कौसल्याबाईंच्या उघड्या दारासमोर एका ओळीत बसत होती.