लिंडन नको, ओक दे

"लोणी कापायला पटाशी कशाला हवी?" एडगर प्रीस म्हणाला आणि लिंडनची फळी त्याने बाजूला सारली. ही चौथी.

नेस्टाने वखारवाल्या प्रोबर्टकडे पाहिलं. प्रोबर्टने छताकडे पाहिलं. सकाळपासून त्याच्या वखारीत हेच चाललं होतं. ती लिंडन पुढे ओढत होती आणि तिचा बाप ते मागे ढकलत होता.

काम मोठं होतं. नदीपलीकडच्या एका डॉक्टरीणबाईंना दिवाणखान्यातल्या फायरप्लेसभोवती लाकडी कोरीव चौकट हवी होती. सफरचंदांनी लगडलेल्या फांद्या आणि वरच्या फळीवर दोन रॉबिन पक्षी. पत्रात त्यांनी ठासून लिहिलं होतं, की प्रीस यांच्याच हातचं काम हवं.

आणि प्रीसचा हात तर कामातून गेला होता. तीन वर्षांपूर्वी बायको गेली, त्या हिवाळ्यात त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरचं नाव काढलं तर म्हातारा अंगावर धावून यायचा. नेस्टा पोस्टातली नोकरी सोडून घरी आली ती त्याचं जेवणखाण बघायला, आणि पाहते तर काय, पटाशी घसरायची, कोरलेल्या पानाचा टवका उडायचा. एडगर शिव्या घालत जेवायला उठायचा आणि जेवून दोन तास आडवा व्हायचा. ही वेळ कधी चुकायची नाही. त्या दोन तासांत नेस्टा गुपचूप वर्कशॉपमध्ये शिरायची, पान नव्याने कोरायची आणि भुसा झाडून बाहेर पडायची. एडगर उठून यायचा, काम न्याहाळायचा आणि म्हणायचा, सकाळी वाटलं होतं त्यापेक्षा बरं झालंय की.

खरं तर तिने पटाशी सोळाव्या वर्षीच खाली ठेवली होती. तिने कोरलेला पहिला पक्षी एडगरने चार गिऱ्हाइकांसमोर उचलून पाहिला, "सरपण" म्हणाला आणि शेगडीत टाकला. पुढे वीस वर्षं तिने वर्कशॉपचा उंबरा ओलांडला नाही. एडगर त्याबद्दल कधी अवाक्षर बोलला नाही. तसा तो कशाबद्दलच बोलायचा नाही.

आता मात्र त्याचा हात पाहिला की तिला राहवायचं नाही. कसाही असला तरी बाप होता, आणि सगळा जन्म त्या दोन हातांवर जगला होता. आपलं काम आता दुसरंच कुणी निस्तरतंय, हे त्याला कळलं तर तो खाटेवरून उठणार नाही, याबद्दल तिला शंका नव्हती. त्याला ते कळू द्यायचं नाही, एवढीच तिची धडपड होती.

म्हणून लिंडन. मऊ, बिनगाठीचं. पहिली दोन वर्षं त्याने लिंडनचीच लहान लहान कामं घेतली होती, तेव्हा तिचं निभावलं. गेल्या वर्षी अक्रोडाचं कपाट आलं, तेही तिने कसंबसं पार पाडलं. पण जुनं ओक म्हणजे लोखंड. लाकडातली रेषा कुठे उलटी फिरेल, सांगता येत नाही. ओकवर तिने जन्मात हात चालवला नव्हता.

"बाबा, रॉबिनची पिसं बारीक आहेत," ती म्हणाली. "ओकमध्ये तुटतील."

"घाई केली तर तुटतील."

"आणि तुमचं मनगट?"

बोलून गेली आणि तिला जीभ चावावीशी वाटली. एडगरने उजवा हात कोटाच्या खिशात घातला आणि तो वखारीच्या मागच्या कोपऱ्यात चालू लागला. तिथे बारा वर्षं मुरलेलं ओक उभं होतं. मधोमध मुठीएवढी गाठ असलेली एक फळी त्याने डाव्या हाताने चाचपली. म्हणाला, हीच.

नेस्टाने प्रोबर्टला हळूच विनवलं, की फळी विकली गेलीय म्हणून सांगा. प्रोबर्टने बिचाऱ्याने सांगून पाहिलं.

"कुणाला विकलीस?" एडगरने विचारलं.

प्रोबर्टला खोटं कधी जमलंच नाही. "तुला," तो म्हणाला.

मग काय, नेस्टाचे डोळेच भरून आले. पण हात काही स्वस्थ बसेना. तिने अंगठा फळीच्या रेषेवरून फिरवला, थांबली, फळी उलटी करून पुन्हा फिरवला.

"अशी धरली तर गाठीवर सफरचंद येईल," ती स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाली. "पक्षी वर. रेषा त्यांच्या पंखांबरोबर जाईल."

"हं," एडगर म्हणाला.

डोळे पुसत ती गाडी दाराशी आणायला गेली. प्रोबर्टने किटलीतून चहा ओतला. कप काठोकाठ भरला, तसाच पुढे केला. एडगरने तो उजव्या हाताने घेतला आणि तिला पाहायला खिडकीपर्यंत चालत गेला. चहाचा एक थेंब सांडला नाही.

"पोरगी रडत गेली, एडगर," प्रोबर्ट म्हणाला. "तीन वर्षं झाली. त्या शेगडीतल्या पक्ष्याची एकदा सरळ माफी माग आणि मोकळा हो."

"माफी मागितली तर ती माफ करेल," एडगर म्हणाला, "आणि पुन्हा पोस्टात जाईल. अजून तिचं ओक राहिलंय."

गाडी दाराशी येऊन थांबली. एडगरने कप खाली ठेवला आणि उजवा हात थरथरवायला सुरुवात केली.