टाकीचं शास्त्र

दाभाडे सरांनी पाहुण्यांसमोर कागदाची पट्टी टाकीत बुडवली. "बघा, पीएच सात! वर्षभर तसूभरही ढळला नाही. शास्त्र लागतं याला!" टाकीत मासे, वर त्याच पाण्यावर तरारलेला पालक.

कोपऱ्यात पान लावत बसलेल्या बायकोची मात्र त्यांना लाज वाटली. पाहुणे जाताच ते कडाडले, "हे पान-चुना आजपासून बंद!" वत्सलाबाईंनी बोटाचा चुना नेहमीसारखा टाकीत धुतला आणि डबी उचलून ठेवली.

महिन्याभरात माशांच्या घाणीने पाणी आम्लधर्मी झालं. पालक पिवळा पडला, मासे वर येऊन तोंडं वासू लागले.

"असं बदललं तरी काय?"

"मी पान सोडलं, एवढंच," बाई म्हणाल्या. "चुन्याचं बोट आता टाकीत धुवावं लागत नाही."

चुन्याने आम्ल मरतं, हे सरांनी तीस वर्षं शाळेत शिकवलं होतं. ते विड्याची पानं घेऊन आले.

"घे. दिवसाला पाच. मोजून."