घाटातला दगड

नातीचं लग्न झालं त्या वर्षी हॉटेलवाल्या सर्जेरावानं घाटातली माझी ताकाची टपरी दरीत ढकलली. त्या जागी मी एक दगड ठेवला.

एका पर्यटक बाईनं विचारलं, “आजी, नवसाचा का?”

“नाही गं. ज्यानं माझं वाटोळं केलं, त्याच्या नावाचा.”

हसत तिनंही शेजारी सासूच्या नावाचा एक दगड ठेवला. मागून आलेल्यानं विचारलं, “तुमचा कोणाचा?” अनोळखी माणसं एकमेकांना दुःखं सांगू लागली, डबे वाटून खात माझ्या घागरीतलं ताक पिऊ लागली. हॉटेल ओस पडलं.

सर्जेराव धावत आला. “म्हातारे, दगड हलव!”

“माझा एकच आहे. बाकीचे ज्याचे त्याला विचार.”

तो अंथरुणाला खिळल्यावर त्याच्या मुलानं ‘आजी, शाप उतरव’ म्हणत हात जोडले, तरी मी माझा दगड काढला नाही. सर्जेराव गेल्या होळीला वारला.