वेदना शून्य

"वेदना शून्य. अर्ज नामंजूर," यंत्र तिसऱ्यांदा म्हणालं.

माणसाचा चेहरा आणि अंग न्याहाळून ते वेदना मोजायचं. जखमी पोलिसांची अपंगत्वाची पेन्शन आता त्याच्याच आकड्यावर ठरायची.

"मॅडम, दंगलीत गुडघा फुटल्यापासून घरी नुसते कण्हत असतात हो!" हवालदार खिलारेंची बायको कळवळली.

उपअधीक्षक कुलसुंगे मॅडमनी वर पाहिलं. त्यांच्या वर्दीसमोर खिलारे टाचा जुळवून, छाती पुढे काढून ताठ उभे होते.

मॅडमनी खणखणीत हुकूम सोडला, "खिलारे, विश्राम!"

तीस वर्षांच्या सवयीने अंग सैलावलं. चेहरा पिळवटला. यंत्राचा आकडा नव्वदच्या वर गेला.

भिंतीला धरत खिलारे पुटपुटले, "माफ करा मॅडम, परत असं नाही होणार."