पिठाची हद्द

चुन्याची रिकामी पिशवी.

परातभर ज्वारीचं पीठ.

बलभीमची आंघोळ.

रात्रभराची उपाशी मेंढरं.

आभाळात भुंग्यासारखा आवाज.

यातलं पीठ हरणाबाईच्या मुठीत आहे. ती वाकून अंगणात रेघ ओढते आहे. रांगोळी नव्हे, हद्द. आज गावातल्या घरांचे ड्रोननं फोटो निघणार. रेघेच्या आत जे दिसेल त्याचा नकाशा होणार, आणि नकाशावरून घराचा कागद. हरणाबाईकडं आजवर कसलाच कागद नाही. तिच्या नवऱ्यानं ही जागा शेजारच्या बलभीमच्या वडिलांकडून घेतली ती तोंडी. ती दोन्ही तोंडं आता नाहीत.

चुना तिनं कालच टाकला होता. बलभीमनं तो झाडून काढला आणि आपली रेघ थेट तिच्या उंबऱ्याला आणून टेकवली. मग तिनं ती झाडली. मग त्यानं परत. चुना संपला. अंगण गेलं तर मेंढरं ठेवायची कुठं? चुलीपुढं?

रेघ पुरी झाली. हरणाबाई परात ठेवायला आत गेली. तेवढ्यात सून शिवकन्या पाण्याची घागर घेऊन आली आणि रोजच्यासारखी तिनं मेंढरं कोंडलेल्या वाघरीची जाळी सोडली.

"आत्याबाई, सोडली वं मेंढरं!"

हरणाबाई धावत बाहेर आली. काळी मेंढरं रेघेवर होती. सगळी. एकाला लागून एक, माना खाली.

"अगं, हद्द खायलीत की!"

दोघींनी हाकललं, ओढलं, शेपट्या पिरगळल्या. एकही हललं नाही. वरचा भुंगा आला, जरा थांबला, गेला.

कळंबहून आलेल्या मोजणीवाल्यानं पडद्यावर फोटो मोठा केला. घरं काड्यापेट्यांएवढी. दोन घरांच्या मधून एक जाड काळी रेघ.

"आजी, चुना पांढरा असतो."

"चुना सरला सायब. ही आमची मेंढरं हायती."

"रेघ मात्र सरळ आलीय."

बलभीम ओल्या अंगानं, टॉवेल सावरत पळत आला. मागं त्याची बायको द्वारकाबाई दारात उभी राहिली, पदर तोंडाला लावून.

"मेंढरं म्हंजी काय पुरावा व्हय, सायब? उद्या ही म्हातारी कोंबड्या बसवंल रांगेनं!"

"तुमच्याकडं खरेदीखत आहे?"

"वडलांचं घर हाय. वडलांकडं कुणी खरेदीखत मागतंय का?"

"मग दोघांकडंही नाही."

बलभीमनं पडद्याला नाक लावलं. रेघेला एका जागी फुगवटा होता. एका कोकराला रांगेत जागा मिळाली नव्हती. ते पलीकडून तोंड घालत होतं.

"हे बघा! हे कोकरू कुठं हुबं हाय? माझ्या अंगणात! एवढी जागा माझी हाय."

"कोकराएवढी?"

"व्हय, कोकराएवढी! एक इंच सोडणार न्हाय."

"म्हणजे बाकीची रेघ मान्य."

बलभीमनं टॉवेलाची गाठ घट्ट केली.

"घे की बलभीमा," हरणाबाई म्हणाली. "मागचं अंग तुझं, तोंड माझं."

"सायब, ह्येबी लिव्हून घ्या," बलभीम म्हणाला. "पुन्हा म्हनंल, सगळं कोकरू माझं."

मोजणीवाल्यानं लिहून घेतलं. बलभीमनं सही केली, कागदावर केसातलं पाणी ठिबकलं. हरणाबाईनं अंगठा शाईत बुडवला. तो नीट उमटेना. अंगठ्याला अजून पीठ होतं.

मेंढरं पीठ संपवून आपापल्या वाटेनं पांगली. अंगणात कसलीच रेघ राहिली नाही.

पीठ बलभीमच्या घरातलं होतं. द्वारकाबाईनं सकाळी परात भरून दिली, आणि मग नवऱ्याच्या आंघोळीसाठी आणखी एक हंडा पाणी तापत ठेवलं.