खाल्लेली मात्रा

दोघा भावांच्या बँडने एकच प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बम काढला. त्यातल्या लांबलचक गाण्याच्या ऐन मध्यावर ड्रम वाजवणारा धाकटा घसरला आणि एक मात्रा खाऊन गेला. पुन्हा रेकॉर्ड करायला स्टुडिओची वेळ उरली नव्हती. "माझ्या गाण्याचा मुडदा पाडलास!" म्हणत गिटारवाल्या थोरल्याने त्याला सगळ्यांदेखत बँडमधून हाकललं. पुढे त्या अल्बमकडे कुत्र्यानेही ढुंकून पाहिलं नाही, आणि त्याचंही खापर धाकट्याच्याच माथी फुटलं. त्याने वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्यानंतर त्याने कधी टेबलावर बोटंसुद्धा वाजवली नाहीत.

आता म्हातारपणी एक दिवस बायको मोबाइल घेऊन दुकानात धावत आली. "अहो, ते मशीन राहू द्या, हे बघा! तुमच्या अल्बमला लोकांनी डोक्यावर घेतलंय. नवे बँडवाले म्हणतात, सगळी जादू त्या मधल्या तुटक्या ठेक्यात आहे, आम्ही तिथूनच शिकलो. भाऊजींची मुलाखत चालू आहे."

धाकट्याने पाना खाली ठेवला आणि हात पुसले. इतक्या वर्षांनी दादा चारचौघांत त्याचं नाव घेणार होता.

"तो ठेका सुचला कुणाला?" मुलाखत घेणारीने विचारलं.

दादा मिशीतल्या मिशीत हसला.



"मलाच. एक ड्रमर होता आमच्याकडे, त्याच्याकडून तो वाजवून घेताना नाकी नऊ आले. शेवटी काढून टाकावं लागलं त्याला."